तियामिकेच्या कार्डावरचा दुसरा डोस

शिरे नदीकाठच्या सात गावांत एलुबे म्पोसाला ओळखत नाही असं पोर नव्हतं, आणि ही ओळख बहुधा रडारडीतूनच झालेली असे. सायकलला बांधलेला लशींचा निळा डबा लांबून दिसला की पोरं घरामागे दडत.

"पळा रे, सुईवाली आली!"

"पळा, पळा! दुपारी न्सिमा खायला घरीच याल ना?" एलुबे हसत ओरडायची.

कुणाला कोणत्या डोसानंतर ताप चढला, कुणी तिच्या मनगटाला चावा घेतला, सगळं तिला तोंडपाठ होतं. त्याचा तिला अभिमानही होता. त्यानंच तिचा घात केला.

एका वर्षी नदी गावात शिरली. घरं गेली, छपरात खोचलेली लसीकरणाची कार्डं गेली, आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीचा लगदा झाला. पाणी ओसरून शाळा भरली, तेव्हा हेडमास्तर सिंगानोंनी बजावलं, पहिलीत नाव घालायचं तर कार्ड आणा. आया एलुबेच्या दारी येऊन बसल्या. नोंद सापडत नसेल तर डोस पुन्हा द्यायचा, हा नियम तिला ठाऊक होता. पण लस संपलेली, रस्ता वाहून गेलेला. ती आठवून आठवून नवी कार्डं लिहू लागली.

फाइनेसी आपल्या धाकटीला, तियामिकेला घेऊन आली.

"गोवराचा दुसरा डोस झाला होता का गं हिचा?" एलुबेनं विचारलं.

"झाला असेल की, बाई! दोघी पोरींना घेऊन किती खेपा घातल्यात मी. लिहा ना, नाहीतर वर्ष जाईल हिचं."

एलुबेनं मागच्या खेपा मनात चाळल्या. मग त्या डोसाच्या दिवशी आंब्याखाली हात झिडकारणारी, लाल फ्रॉकमधली मुलगी तिला आठवली. तिनं तारीख घालून सही केली.

सात महिन्यांनी शाळेत गोवर शिरला. लशीच्या कुप्या आल्या त्या मोजक्याच, म्हणून शाळेच्या यादीत ज्यांचे डोस अपुरे होते त्यांना आधी द्यायचं ठरलं. तियामिके आपणहून रांगेत उभी होती.

"तुझं पूर्ण आहे गं, जा वर्गात," एलुबेनंच तिला परत पाठवलं.

पहिला डोस काही मुलांना लागू पडत नाही, म्हणून तर दुसरा असतो. पंधरवड्यात तियामिके तापानं फणफणली. जीव वाचला, पण उजवा डोळा गेला.

दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेली फाइनेसी एकदम म्हणाली, "दुसऱ्या डोसाच्या वेळी ही आजीकडे होती, बाई. मी एकट्या एस्नातला आणलं होतं." एस्नात म्हणजे थोरली. लाल फ्रॉक तिचा होता.

एलुबेनं तिथंच चूक कबूल केली. फाइनेसी एवढंच म्हणाली, "मागे तर मीच लागले होते." पुढे तिनं एलुबेपाशी तो विषय कधी काढला नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं एलुबेला वाटे.

ती जिल्ह्याच्या कचेरीतही गेली. साहेब म्हणाले, "आकडे वर कळवून झाले, आता कशाला उकरतेस? अशा किती नोंदी असतील!"

"त्याचीच तर भीती वाटते, साहेब."

लस आल्यावर आठवणीनं लिहिलेल्या एकेचाळीस कार्डांची घरं तिनं पायाखाली घातली आणि प्रत्येक पोराला पुन्हा टोचलं. त्यानंतर मात्र माहीत नसेल तिथं ती 'माहीत नाही' असंच लिही.

फक्त तियामिकेला सांगायचं राहिलं. आधी पोर लहान म्हणून, मग तिची परीक्षा म्हणून. असं करता करता दहा वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर एका सकाळी एलुबे तिच्या अंगणात जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

शेंगा सोलणारी तियामिके थांबली. "आईनं मला केव्हाच सांगितलंय."

"मग तू मला काही बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. रोज याच वाटेनं जायचात ना तुम्ही, बाई?"

एवढं बोलून ती आत निघून गेली. फाइनेसी दारात आली. "आज जा तुम्ही," ती हळूच म्हणाली, "उद्या या."

एलुबे दुसऱ्या दिवशी गेली. नंतरही जात राहिली. कधी तियामिके बोलते, कधी नाही.