सुकन्याची जोडवी

भोकरच्या सुकन्याने लग्नाआधी शंभर मीटर धावण्यात राज्याचं सुवर्णपदक दोनदा मिळवलं होतं. लग्न होऊन ती लातूरला आली आणि पायांत जोडवी आली. धावायचे खिळ्यांचे बूट बोटांना घट्ट बसतात. जोडव्यांसकट धावताना तिची बोटं सोलली आणि ती चौथी आली.

पुढच्या निवड स्पर्धेआधी जोडवी काढू का, असं तिने नवऱ्याला विचारलं. बजरंग म्हणाला, "आईला विचार."

सासूबाई, सिंधुबाई, शेंगा फोडत होत्या. "नवरा जिता हाय अन् जोडवी काढतीस?"

"पळण्यापुरती, आत्याबाई. आता मागं राहिले तर संघात कुणी घेत न्हाई."

सासूबाईंनी सूपभर शेंगा संपवल्या. मग म्हणाल्या, "काढून ठिवायची न्हाईत. तेवढा वखत माझ्या पायात घाल. सवाष्णीच्या पायात असली म्हंजी झालं."

स्पर्धेच्या दिवशी सिंधुबाई दोन जोड घालून मैदानाच्या कडेला उन्हात उभ्या राहिल्या. सुकन्या पहिली आली. परत येऊन जोडवी मागितली, तर सुजलेल्या बोटांतून ती निघेनात.

"आता वो?"

"निघतील सांजच्याला," सासूबाई म्हणाल्या. "तवर तुझा सासरा डबल जगंल."