सायलेन्सरला हलायला जागा

मुंबईच्या एका बंगलेवाल्याने केळव्यात आणून ठेवलेली आणि मग विसरलेली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार मी माझ्या पगारातून घेतली. इंजिन चांगलं होतं. खाऱ्या हवेने खाल्ला होता तो सायलेन्सर आणि त्याच्याकडे जाणारा पाइप. गाडी सुरू केली की आमच्या वाडीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नसे. काका म्हणायचे, "नारल पाडायला मानूस नको आता. हिला गाडी चालू करायला सांगा."

मी नुसती हसायचे. मला पटकन उत्तर सुचत नाही, आणि सुचलं तर ते इंग्रजीत सुचतं.

पप्पांना मात्र हसू येत नव्हतं. शेजारच्या बंगल्यात शनिवार-रविवारी उतरणाऱ्या पाहुण्यांना आमच्याकडून जेवण जातं, आणि त्यांनी आवाजाची तक्रार केली होती. गाडी माझी असली तरी ती उभी राहायची पप्पांच्या जागेत. त्यांनी बोईसरच्या भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. येत्या रविवारी गाडीचा आवाज घरात आला तर ती त्याच दिवशी जाईल, एवढंच मला सांगितलं.

परदेशातून येणारा नवा सायलेन्सर गाडीपेक्षा महाग होता. पण मी तारापूरच्या एमआयडीसीत, केमिकल कंपन्यांच्या पाइपलाइन बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढते. तिथे कोपऱ्यात स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. धीर गोळा करून शेठना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, भंगाराच्या भावाने घे, काम सुट्टी झाल्यावर कर.

आमच्या वेल्डरला सगळे उस्ताद म्हणतात. माझं ड्रॉइंग बघून ते खूश झाले. आत भोकं पाडलेला पाइप, बाहेर मोठा पाइप, आणि मधल्या जागेत वाफेच्या लाइनला गुंडाळतात तीच दगडाच्या धाग्यांची लोकर, रॉकवूल, ठासून भरलेली. आवाज तिच्यात मुरणार होता. वेल्डिंग इतकं सुबक झालं की बाजूच्या शेडमधली माणसं बघायला आली.

मग सायलेन्सर गाडीखाली बसवायची वेळ आली. जुना सायलेन्सर रबराच्या कड्यांना लटकत होता. उस्तादांनी ती कडी काढून बाजूला फेकली आणि लोखंडी क्लॅम्प आवळले. आमच्याकडे पाइप केसभरही हलला नाही पाहिजे, त्यातच कामाची इज्जत असते. वाफेच्या लाइनला देतात तसा, पाणी निथळायला त्यांनी पाइपला उतारसुद्धा दिला. मला काहीतरी खटकलं, पण मी पाने पुढे करत राहिले.

गाडी सुरू केली तर आवाज कमी झाला होता, पण आरसा थरथरत होता, दरवाजे थरथरत होते, माझे दातही. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं उस्ताद म्हणाले. घरी जाताना केळव्याजवळच्या माहीमच्या अलीकडे पाइपचा सांधा तडकला. पप्पांनी मला बघण्याच्या बऱ्याच आधी ऐकलं. त्यांची नजर टेबलावरच्या फोनकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी एका वाफेच्या लाइनचं ड्रॉइंग काढत होते. गरम झालेला पाइप लांबतो, म्हणून अशा लाइनमध्ये आम्ही बेलोज घालतो. पत्र्याच्या वळ्यांचा हा छोटा तुकडा पाइपला पसरायला जागा देतो. हात थांबला. जागेवरून न हलणाऱ्या पाइपची आम्ही एवढी काळजी घेतो, आणि डुलणाऱ्या इंजिनला बांधलेला पाइप मी क्लॅम्पने जखडू दिला होता.

मी तशीच खाली शेडमध्ये गेले. ग्राइंडर चालू होता, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागलं. "उस्ताद, क्लॅम्प निकालिए. सारे."

"मॅडम, पाइप को लटकाएँगे? कपड़ा है क्या?"

सगळे हसले. एरवी मी तेवढ्यावर वर निघून आले असते. त्या दिवशी ओढणी कमरेला खोचली, गाडीखाली शिरले आणि कोणाला तरी इंजिन सुरू करायला सांगितलं. थोड्या वेळाने उस्ताद पलीकडून सरपटत आले. इंजिन मान डोलवत होतं आणि प्रत्येक डोलाला पाइप खेचला जात होता. ते बघत राहिले. "अरे," ते म्हणाले, "ये तो साँस लेता है."

लांबी चुकली म्हणून परत आलेला एक बेलोज शेडमध्ये पडून होता. तो आम्ही इंजिनजवळ, तडकलेल्या सांध्याच्या जागी जोडला. रबराची नवी कडी बोईसरला टेम्पोचे स्पेअर पार्ट विकणाऱ्याकडून आणली. सायलेन्सर आता रबरावर लटकत होता, आणि आरसा स्थिर होता. जाता जाता पालघरला पीयूसी काढली, तीही पास झाली.

रविवारी मी वाडीत शिरले तेव्हा पप्पा पाठमोरे उभे राहून फोनवर भंगारवाल्याला रस्ता सांगत होते. मी गाडी त्यांच्या मागे आणली. टायरखाली वाळकी झावळी मोडली, तिच्या आवाजाने ते वळले. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थांब रे," ते फोनमध्ये म्हणाले. "नाय, येऊ नको. इकायची नाय."

काका झोपाळ्यावरून उठून आले. "चालू हाय का ढकलत आनलीस?"

"बॉनेटवर हात ठेवून बघा," मी म्हणाले. मराठीत, आणि लगेच.

काकांनी हात ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले.

पप्पा गुडघे दुमडत बाजूच्या सीटवर बसले. एवढ्या खाली बसायची त्यांना सवय नव्हती. गावात मी गाडी हळू चालवली. सफाळ्याच्या बाजूला चढण लागली, रस्ता मोकळा होता, आणि मी ॲक्सिलरेटर दाबला. इतके दिवस नुसता फाटलेला आवाज ऐकला होता. आता तो खालून, भरून, गोल येत होता. चढणीबरोबर चढत होता, आणि त्यात कुठेही खडखड नव्हती. पप्पांनी दरवाज्यावर तळहात टेकवला.

"दाब, बाय," ते म्हणाले. "अजून हाय तिच्यात."

मी दाबला.