गळ्यात पाटी, पाठीवर पोतं

मंडळी, दुपारपासून घास गोड लागेना, म्हणून लिहितोय.

नातवाचं पार्सल सांगलीऐवजी साताऱ्याला गेलं होतं. कुरियरवाल्यांकडे फोनवर तक्रार करताना मी चांगलाच तापलो होतो. आज ते परत आलं म्हणून घ्यायला त्यांच्या कुपवाडच्या गोदामात गेलो, तर दारात चाळिशीचा एक कामगार उभा. गळ्यात पाटी: 'माझ्यामुळे पार्सल चुकलं.' येणारा-जाणारा वाचत होता.

मला आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आठवले. सत्तरच्या दशकात ते सांगलीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होते. पोत्यांवर रंगाचे पट्टे मारायचे. साताऱ्याचा निळा, खंडाळ्याचा हिरवा. एकदा ओल्या निळ्या पट्ट्यांवर हळदीची पूड बसली आणि ते हिरवे दिसले. साताऱ्याचा माल खंडाळ्यात उतरला. ट्रक परत येईपर्यंत मुकादमानं आबांना पाठीवर भरलं पोतं देऊन दारात उभं केलं.

घरी आईनं विचारलं, "आवं, पाठ लय दुखतीया का?"

आबा म्हणाले, "पाठीचं काय न्हाई गं. समदी बघत हुती."

आज मी तिथल्या साहेबाला म्हणालो, "ती पाटी काढा. माझी तक्रार मागं घेतो."

तो हसला. "संध्याकाळी काढू की, काका. शिस्त लागाय नको व्हय?"

मी पार्सल उचललं आणि निघालो. त्या माणसानं मान वर केली नाही.

तुम्ही असता तर काय केलं असतं? आबांना तेव्हा कोण कोण बघत होतं, ठाऊक नाही. आज बघणाऱ्यांत मी होतो.