पहिल्या सोमवारी आत

मी फारशी बोलत नाही. पण न बोलता माणूस केवढा घोळ घालू शकतो, ते ऐकायचंय? मग चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते.

नागरिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी सरांनी विषय वाटले. कुणाला रेशन दुकान, कुणाला दवाखाना. हात वर करणाऱ्यांना हवं ते मिळालं. मी हातच वर केला नाही, म्हणून उरलेला विषय माझा: 'तुरुंगाची कामगिरी मोजा.' दोन रकाने, सुरक्षितता आणि सुधारणा. प्रत्येकी दहा गुण.

आता आमच्या कुरुंदा गावात तुरुंग कुठून आणायचा? पण आमच्या गल्लीत गंगाधरकाका होते. बांधाच्या भांडणात त्यांनी चुलतभावाचं डोकं फोडलं होतं आणि त्यापायी काही वर्षं आत काढली होती. सुतारकाम ते तिथंच शिकले. आता घरापुढे पत्र्याखाली त्यांचं दुकान आहे. शाळेची चाळीस मोडकी बाकं दुरुस्त करायचं काम त्यांना मिळणार होतं. सुटून आल्यावरचं पहिलं मोठं काम! मोठ्या बाई शनिवारी नक्की करणार होत्या.

मी वही घेऊन गेले. काका रंधा मारत होते.

"काका, आत मारामारी व्हायची का?"

"भाजीत मीठ कमी पडलं की व्हायची."

"भीती वाटायची?"

"पहिले वाटायची. मंग बराबर झालं."

मी लिहिलं, सुरक्षितता: सात.

शेवटचा प्रश्न सरांनी लाल शाईनं लिहून दिला होता. सुटलेला माणूस पुन्हा आत जातो का, यावरच म्हणे तुरुंगाची खरी परीक्षा असते.

"आता पुन्हा आत जाणं होतं का?"

"व्हय. दर महिन्याला. पहिल्या सोमवारी."

माझा पेन थांबला. 'काहून?' एवढंच विचारायचं होतं हो! तीन अक्षरं! पण मी "बरं" म्हणाले आणि घरी पळाले.

घरी तक्ता केला. वर्षाला बारा वेळा! लाल पट्टी इतकी उंच झाली की एका कार्डशीटला दुसरी जोडावी लागली. खाली वळणदार अक्षरात निष्कर्ष लिहिला: 'सुधारणा: दहापैकी शून्य. मात्र सदर व्यक्ती अत्यंत वक्तशीर आहे.'

काकांचं नाव लिहिलं नाही हं! 'आमच्या गल्लीतील सुतार' एवढंच लिहिलं. गल्लीत सुतार एकच आहे.

शनिवारी सरांनी मला तक्त्यासकट मोठ्या बाईंपुढे उभं केलं. बाईंनी वाचलं आणि चष्मा काढला.

"दर महिन्याला? आणि आपण चाळीस बाकं याच्या हवाली करायला निघालो?"

काकांना बोलावणं गेलं. ते नवा शर्ट घालून, कानावर पेन्सिल खोचून, हातात मोजायचा टेप घेऊन हसतच आले. दोन कार्डशीटांमागे मी पूर्ण झाकली गेले होते. तेवढा एक फायदा.

"गंगाधरराव, तुम्ही दर महिन्याला आत जाता?"

"व्हय बाई."

"कसे काय?"

"यष्टीनं."

"अहो, गुन्हा कोणता करता?"

"गुन्हा?" काकांचा टेप सर्रकन मिटला. "मी तिथं पोरांला सुतारकाम शिकवून राहिलो बाई! जेलरसाहेबांनीच बोलावलं. एक खाडा न्हाई केला आजवर."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि सरांकडे पाहिलं. मग सर हळूच म्हणाले, "तक्ता खाली घे."

घेतला. काकांनी लाल पट्टीवरून बोट फिरवलं.

"रेघ सरळ मारलीस," ते म्हणाले. "पर लेकरा, काहून जाता म्हणून इचारायचं की! चाळीस बाकं गेली असती ना माझी."

बाकं त्यांनाच मिळाली. सरांनी तुरुंगाचं शून्य खोडून तिथं दहा लिहिले. शून्य वाया जाऊ नये म्हणून ते माझ्या नावापुढे लिहिलं.

आता दर पहिल्या सोमवारी बसथांब्यावर काका मला बघून सगळ्यांदेखत ओरडतात, "पोरी, आत चाललो गं! लिहून घे!"

मी मान खाली घालते.

गेल्या महिन्यात मात्र ते बुधवारी गेले. मला वाटलं, विचारावं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बस निघून गेली.

तर, बुधवारी काहून गेले, ते मला अजून माहीत नाही.