कुंकवाचं मेण आणि शेठची मोटार

मोटारीच्या दुकानात दोन ढीग वाढत जातात, एक जुन्या बोल्टांचा आणि एक किश्शांचा. बोल्ट भंगारवाल्यानं कधीच नेले. किश्शांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते माझ्याकडंच राहिले.

आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, दुकान जळकोटला, हमरस्त्याला लागून. तेव्हा राज्य निजामाचं आणि सोलापूर इंग्रजांकडं. मालक लोहारकी सोडून मोटारीचे मिस्त्री झालेले. गावात मोटार एकच, शिवलिंगप्पा शेठची. ती चालवायचे रसूलभाई.

०

ती मोटार एकदा लई ओरडायला लागली. इंजिनातला धूर बाहेर नेणारा जो जाड नळ असतो, तो लोखंडाच्या आटेदार खुंट्यांनी आवळलेला असतो. त्या खुंटीला मालक स्टड म्हणायचे. त्यातला एक ढिला झाला, की धूर फटीतून सुटतो आणि तोफ उडाल्यागत आवाज होतो.

सोलापूरहून येताना जकातनाक्यावर शिपायानं विचारलं, "क्या माल है?"

रसूलभाईंनी कान पुढं केला. "जी?"

शिपायानं घसा ताणून परत विचारलं. रसूलभाईंचं आपलं, "जी?"

"अरे, मोटार बंद करो!"

"करता, साब. मगर फिर ढकलना तुमकूच पडेगा."

शिपायानं फाटक उघडलं.

०

शेठ घाईला आले, कारण त्यांच्या लेकीला, गंगूला, बघायला दसऱ्याला सोलापूरचे पाहुणे येणार होते. दोन ठिकाणं आधीच फिसकटलेली. पाहुण्यांना आणायला मोटार पाठवतो, असं शेठ बोलून बसले होते. ठसके देणाऱ्या मोटारीत नवरदेवाच्या बापाला बसवलं, तर सोयरीक वाटेतच मोडायची.

अष्टमीच्या संध्याकाळी मालकांनी स्टडला पाना लावला. शेठ डोक्यावरच उभे. "जोर लावा, मिस्त्री. भाकरी खाता का न्हाय?"

मालकांनी जोर लावला. कट्‌ झालं.

"निघाला?" शेठनी विचारलं.

"अर्धा निघाला," मालक म्हणाले.

०

उरलेला अर्धा इंजिनात गच्च. नखाएवढं टोक तेवढं बाहेर. सकाळी मालक दुकानात गेले, तर आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाने, पकडी, हातोडे, छिन्न्या सगळं धुऊन, झेंडू वाहून पाटावर मांडलेलं. खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यार पुजायचं, उचलायचं नाही.

"आये, एक पकड तरी दे," मालक म्हणाले.

"उद्या दसऱ्याची पूजा झाल्यावर घे. ज्याच्यावर पोट भरतं, त्याला एक दिवस इसावा नगं?"

शेठ स्वतः देवभोळे. आत्याबाईंचा शब्द मोडताही येईना आणि मोटार न घेता घरी जाताही येईना. ओसरीवर बसून नुसते घाम पुसत होते.

मी चुलीपुढनं उठले आणि सांडशी आणून मालकांच्या हातात दिली. आत्याबाईंनी निरखून बघितली. "व्हय, ही चालंल. हत्यार न्हाय ही."

"आन् फुकणी? वरवंटा?" मी विचारलं.

"चालंल."

"आत्याबाई, पण घराचं पोट तर ह्या फुकणी-वरवंट्यावरच भरतं की."

"त्या बायकांच्या वस्तू. बायकांच्या वस्तूला खंडेनवमी नसती."

"बरं झालं," मी म्हणाले, "न्हायतर आज समद्यांना उपास होता."

०

मग काम सुरू झालं. पेट्रोल काढून डबा घेऊन रसूलभाई रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. मालकांनी सांडशीत निखारा धरून स्टडच्या टोकाला लावला, मी फुकणीनं फुंकत बसले. तापलेल्या आट्यांत मेण मुरलं की गंज सोडतो, असं मालक म्हणाले. मेणबत्ती आणली, तर शेठ मागं सरले. "त्यात चरबी असती म्हणं. माझ्या मोटारीला नगं."

घरात दुसरं मेण एकच, कुंकू बसावं म्हणून कपाळाला लावायचं, माझ्या करंड्यातलं. मी करंडा आणला.

आत्याबाई ओरडल्या, "सवाष्णीचं मेण मोटारीला लावतीस?"

शेठनी हात जोडले. "लावू द्या, आक्का. माझी लेक उजवायची हाय."

मेण लावलं, ते सरसर आत गेलं. वरवंट्यानं हळूहळू ठोकलं. सांडशी घसरायला लागली, तेव्हा आत्याबाईंनीच कमरेचा अडकित्ता काढून पुढं केला. त्यात टोक धरून मालकांनी जरा पुढं, जरा मागं केलं आणि करकरत स्टड बाहेर आला. जुन्या ढिगातून जोडीचा शोधून बसवला, नट सांडशीनंच आवळले. पेट्रोल परत ओतून मोटार सुरू केली, तर नुसती घुरघुर.

रसूलभाई म्हणाले, "चलो, अब गाडी सुहागन हो गयी."

०

दसऱ्याला शेठच्या दारात सगळी तयारी होती. मोटारीचा आवाज शिवेपासनं ऐकू यायचा. आला की हलगी वाजवायची, शेठनी पागोटं घालायचं, गंगूला शालू नेसवून, मान खाली घालून बसवायचं, असं ठरलेलं. आवाज येईना, म्हणून सगळे निवांत होते. शेठ मागं अंघोळीला बसलेले.

गंगू जुन्या लुगड्याचा काष्टा मारून ओसरी सारवत होती. दोन पुरुष पायताणासकट सरळ आत आले. एक म्हातारा, एक तरणा.

"डोळे हायती का न्हाय?" गंगू म्हणाली. "ओल्या सारवणावर पाय देताय. व्हा मागं. पायताणं बाहीर काढा आन् मग बोला काय ते."

दोघं मागं झाले. म्हाताऱ्यानं बाहेर येऊन मोटारीपाशी उभ्या रसूलभाईंना हळूच विचारलं, "ही कोण?"

"साब," रसूलभाई म्हणाले, "जिसकू देखने आये, वोच है."

म्हाताऱ्यानं दाराकडं बघितलं. मग पोराकडं वळून म्हणाला, "पायताणं जरा वळीनं लाव. सूनबाई बघतीया."