लिंबाखालची दुधाची वाटी

माणसांचा अभ्यास करायला वही घेऊन आमच्या भागात पहिल्यांदा हिंडल्या त्या आमच्या बाई. कर्जतपासून घोडेगावपर्यंत मी विद्यार्थिनी म्हणून त्यांच्यामागून पायी फिरले. त्यांचा एक हट्ट असायचा. बायकांना ‘मुलं किती आहेत’ असं विचारायचं नाही, ‘किती झाली’ असं विचारायचं. मग गेलेलीही मोजली जातात.

पहिल्याच वर्षी त्यांनी आम्हाला आपापल्या घरच्या चालीरीती लिहून आणायला सांगितल्या. काष्टीला, आमच्या गावी, शेताच्या बांधावर, लिंबाखाली, आई दर अमावास्येला दुधाची वाटी ठेवायची. मी लिहिलं, ‘शेताच्या राखणदाराला नैवेद्य.’ बाईंनी शेजारी लाल पेन्सिलीनं लिहिलं, ‘आईला विचारलंस का?’ मला रागच आला. माझ्या घरातलं मला कळत नाही होय? मोठी शहाणी मी! वही तशीच ठेवून दिली.

पुढे बाई गेल्या. त्यांचा प्रश्न घेऊन मी शेकडो घरांत बसले, ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांतसुद्धा. अनोळखी बायका माझ्यापाशी पोटभर रडल्या.

यंदा आई गेली. दहावा झाल्यावर मावशीनं दुधाची वाटी माझ्या हातात दिली.

“लिंबाखाली ठिवून ये. तुझ्या आदीची पोरगी हाय तिथं. बारशाच्या आतच गेली, नाव बी न्हाई ठिवलं.”

“आई मला कधी बोलली नाही,” मी म्हटलं.

“तू कवा इचारलंस?”