एकाच बाळाचं वेळापत्रक

मी गरोदर असल्याचं माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं, ते त्यांच्या टेबलावर एक वेळापत्रक ठेवून. रब्बी ज्वारीच्या मुळांवरचा माझा प्रयोग जामखेड तालुक्यातल्या कोरडवाहू रानात उभा राहायचा होता. पेरणी सप्टेंबरच्या मध्यावर, कापणी फेब्रुवारीत, बाळ एप्रिलमध्ये. कापणीच्या वेळी मला आठवा महिना असेल, वाकायची कामं मजूर करतील, मी बांधावर उभी राहून नोंदी घेईन, असं सगळं मी आखलं होतं.

"एकही नोंद चुकणार नाही," मी म्हणाले.

या प्रयोगासाठी माझ्याखेरीज एका सहकाऱ्याच्याही नावाचा विचार चालला होता. तो माझ्याहून एक वर्षानं ज्येष्ठ आणि कामाला चोख. मॅडमनी वेळापत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ठीक आहे, तू कर. पण काही बदललं तर आधी मला कळव." मी हो म्हटलं. खोलीबाहेर पडताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

त्या वेळापत्रकात एक ढोबळ चूक होती आणि ती गणिताची नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, सोनोग्राफी लवकर करून घ्या. आधी मातीचे नमुने घ्यायचे होते म्हणून मी ती पुढे ढकलली. मग रानात वाफसा आला. पेरणीजोगी ओल चार दिवस टिकते, ती कुणाच्या तपासणीसाठी थांबत नाही. मोजल्याशिवाय विधान करायचं नाही, हे मी कनिष्ठ विद्यार्थ्यांना शिकवते. आणि पोटात काय आहे हे न मोजताच त्यावर मी सहा महिन्यांची आखणी करून बसले होते.

प्रयोगाचं रान सासरच्या गावाजवळ असल्यानं हंगामापुरती मी सासूबाईंकडे राहायला आले होते. नवरा सुप्याजवळच्या कारखान्यात कामाला. तो सुट्टीला येई. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंनी माझी चोरओटी भरली. ही ओटी बोभाटा न करता भरतात, अगदी जवळच्या बायकांपुरती. आमच्याकडे बाहेरच्या म्हणून फक्त शेजारच्या काकू होत्या. त्यांना बोलावलं नाही तर गुपित उलट लवकर फुटतं, हा सासूबाईंचा अनुभव.

ताटात हिरवं खणाचं कापड, नारळ, पाच तऱ्हांची फळं. काकूंची नजर केळ्यांवर थांबली.

"अगं बया, ह्ये जुळं केळं कुनी ठिवलं ताटात?"

सालीला साल चिकटलेलं एक जोडकेळ फणीच्या कडेला होतं. सासूबाईंचा चेहरा उतरला. "बाजारातनं आनताना ध्यानातच न्हाई आलं माज्या. आन इकडं, गाईला घालते."

गरोदर बाईनं जोडकेळ खाल्लं की जुळं होतं, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. ते हसण्यावारी नेऊन गप्प बसता आलं असतं. पण मी हात पुढे केला.

"द्या आई, मीच खाते. गर्भ राहून दोन महिने उलटले. आत किती आहेत हे पहिल्या काही दिवसांतच ठरतं. आता मी केळीची बाग खाल्ली तरी आकडा बदलणार नाही."

"व्हय का? मंग खा की," काकू भिंतीला टेकून म्हणाल्या. "आमी बसतो बघत. आमाला बी कळंल शास्तर."

मी दोन्ही केळी खाल्ली. खाता खाता फुलोऱ्यातच फळं कशी जोडली जातात तेही समजावून सांगितलं. काकू मान डोलावत होत्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले आणि सालं उचलून बाहेर गेल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोनोग्राफीसाठी नगरला गेलो. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासूबाई बरोबर. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी यंत्र पोटावर फिरवलं, मग त्याच जागी पुन्हा फिरवलं.

"याआधी सोनोग्राफी झाली आहे?"

"नाही."

"माहेरी कुणाला जुळं?"

प्रश्नाचा अर्थ उत्तर देण्याआधीच कळला. तरी मी म्हणाले, "एकाचीच प्रतिमा दोनदा येत नसेल ना?"

"तुम्ही काय करता?"

"संशोधन."

"मग तुम्हीच बघा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एक आकृती हात हलवत होती. त्याच क्षणी, मधल्या आवरणापलीकडे, दुसरी पाठ करून निवांत पडली होती. एकाची प्रतिमा अशी दोन तऱ्हांनी वागत नाही. "दोन आहेत. दोघांचे ठोके व्यवस्थित आहेत. अभिनंदन."

दाराशी उभ्या असलेल्या सासूबाईंच्या तोंडून "अगं आई" एवढंच आलं.

माझ्या चेहऱ्यावर रक्त चढल्याचं मला स्पष्ट जाणवलं. आधी डोळ्यांपुढे आल्या त्या भिंतीला टेकलेल्या काकू. मग ज्वारीच्या ओळी आणि फेब्रुवारी. पडद्यावरची ती दोघं तिसऱ्या क्रमांकावर आली. हा क्रम मी अजून नवऱ्यालाही सांगितलेला नाही. डॉक्टर पुढच्या सूचना देत होते: प्रवास कमी, जास्त वेळ उभं राहायचं नाही, बाळंतपण महिनाभर आधीही होऊ शकतं, शेवटचे दोन-तीन महिने विश्रांतीचे धरा. मी पोटावरचा चिकट द्रव पुसत होते आणि मला चोरी पकडल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या एसटीत सासूबाई कडा गाव येईपर्यंत पदराचं टोक पिळत बसल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पोरी, माज्यामुळं झालं ह्ये."

मी समजावलं. त्यांना पटेना म्हणून बसमधूनच माझ्या आईला फोन लावला. आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या आजीला जुळंच झालं होतं की. त्यातलं एक गेलं, म्हणून कुणी बोलत नाही. तुला ठाऊक नव्हतं?" मला ठाऊक नव्हतं. ज्वारीच्या वाणांच्या चार पिढ्या मला तोंडपाठ होत्या.

"बघा आई, हे माझ्या माहेरून आलंय," मी सांगितलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पर केळं मी आनलं हुतं."

गावात बातमी आमच्या आधी पोचली असावी. दुसऱ्या दिवशी काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "काय गं शास्तरवाली? घोडेगावच्या बाजारात जुळं देनाऱ्या शेळीला लई भाव असतोय. तू तर एका केळ्यात काम केलंस!" मग सासूबाईंकडे वळून, "आन तुमी बी, वयनी, तोंडाम्होरं खाऊ दिलं तिला!" मी घटना आणि तिचं कारण यांतला फरक सांगायला सुरुवात केली. कुणी ऐकत नव्हतं. सासूबाईंनी मान खाली घातली होती आणि मी बोलत राहिले तसतशी ती आणखी खाली जात होती. शेवटी मी गप्प झाले.

गावाचं हसणं सोसलं असतं. मॅडमना सांगणं मात्र होईना. दर आठवड्याला मी त्यांना पिकाचे फोटो आणि उंचीच्या नोंदी पाठवी. उत्तर येई, "छान. तब्येत?" मी लिही, "उत्तम." ते खोटं नव्हतं. कळवण्याची योग्य वेळ मी ठरवत होते: आधी विरळणी होऊ दे, मग पहिलं खोदकाम होऊ दे, मुळांची पहिली मापं हातात आली की सांगते, काम एवढं पुढे गेलं की ते काढून घेणं कुणालाच परवडणार नाही. म्हणजे प्रयोग हातातून जाऊ नये म्हणून मी एका बाळाचं अस्तित्वच लपवलं होतं. गैरसोयीची नोंद वगळण्याला आमच्या क्षेत्रात लबाडी म्हणतात, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलेलं आहे.

डिसेंबर उजाडेपर्यंत नवऱ्याचे सदरेही पुरेनासे झाले. त्यानं आईला बजावलं की हिला एकटीला रानात जाऊ द्यायचं नाही. सासूबाई पाण्याची बाटली आणि भाकरीचं फडकं घेऊन बांधावर बसू लागल्या. ज्वारी पोटरीत आली होती, कणीस अजून पानांच्या आतच होतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत मॅडमनी पाहणीला येत असल्याचं कळवलं.

जीपमधून उतरल्यावर त्यांनी पिकाआधी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या ओळी फिरून पाहिल्या, खणलेला खड्डा पाहिला. "काम स्वच्छ आहे," म्हणाल्या. मग बांधाजवळ येऊन थांबल्या.

"तारीख कोणती सांगितली होतीस तू मला?"

"एप्रिल."

"मला दोन मुलं आहेत. हे पोट एप्रिलचं दिसत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "प्रयोग मिळावा म्हणून तारीख पुढची सांगितलीस का? तसं असेल तर आत्ता सांग."

मी केलं होतं ते या आरोपापेक्षा लहान होतं, पण त्याच जातीचं होतं. ते कोणत्या शब्दांत वेगळं काढावं हे मला सुचत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"म्याडम, तारीख बरोबर हाय. आमची पोरगी खोटं बोलनार न्हाई. दोन हायेत पोटात, म्हनून तसं दिसतंय. आन तिचा काई दोष न्हाई त्यात. जुळं केळं मीच आनलं हुतं बाजारातनं. बोलायचं तर मला बोला."

मॅडमच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एक मोकळी वाट होती, ती मला स्वच्छ दिसली. मी फक्त हसायचं होतं. मग आम्ही दोघी शिकलेल्या बायका त्या केळ्यावर हसलो असतो, विषय हलका झाला असता आणि ऑक्टोबर कुणी विचारलाच नसता. त्या वाटेनं जावंसं मला वाटलं. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या, आणि "खोटं बोलनार न्हाई" हे त्यांचं वाक्य अजून तिथंच होतं.

"केळ्यानं काही झालेलं नाही," मी म्हणाले. "आईंचा काही संबंध नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच सोनोग्राफीत कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"दोन महिने?"

"हो."

"का?"

"प्रयोग जाईल म्हणून."

मॅडम ज्वारीचं एक पान बोटांत धरून उभ्या राहिल्या. "गेला नसता," त्या म्हणाल्या. "पेरणीनंतर लगेच दुसरा माणूस तुझ्या हाताखाली तयार केला असता. आता पोटरीतलं पीक त्याच्या हातात द्यायचं आणि चूक होऊ नये म्हणून देवाचा धावा करायचा. कुणाला बोलवायचं ते तुला माहीत आहे. पुढच्या आठवड्यापासून नोंदी त्याच्या. लेखावर पहिलं नाव कुणाचं, ते कापणी झाल्यावर बघू."

मी मान हलवली. उभ्या उभ्या पाय भरून आले होते, पण त्या असेपर्यंत बसायची लाज वाटत होती.

"म्याडम, जेवून जावा," सासूबाई म्हणाल्या. "भाकरी हाय, ठेचा हाय."

मॅडम खरंच बसल्या. अर्धी भाकरी खाल्ली, सासूबाईंना कोणत्या गावच्या वगैरे विचारलं, माझ्याशी मात्र पुन्हा बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "दुपारी सावलीत बस." एवढंच.

जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली. सासूबाई फडकं बांधता बांधता थांबल्या.

"त्यास्नी ठावंच नव्हतं व्हय? मला वाटलं तू तवाच सांगितलं आसशील. मी उगंच तोंड घातलं मधी."

"बरं झालं घातलंत."

"सारी गल्ली मला हसली, आन ज्यांना सांगायचं त्याच ऱ्हाइल्या," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. त्यांना खरोखरच उलगडत नव्हतं.

मी बांधावर बसले आणि सहकाऱ्याला फोन लावला. मनात एक मुद्देसूद निवेदन तयार होतं. त्यातलं काही बाहेर आलं नाही.

"मला जुळं होणार आहे," मी म्हणाले. "कापणीपर्यंत मला उभं राहता येणार नाही. तू येशील का?"

"कधी येऊ?"

"जमलं तर उद्या."

"येतो. खड्ड्याची मापं तू तुझ्या पद्धतीनं घेतेस, ती मला एकदा दाखव. रानात तुला बसायला आहे का काही?"

"बांध आहे."

"खुर्ची घेऊन येतो."

त्यानं दुसरं काही विचारलं नाही. विचारलं असतं, टोमणा मारला असता, तर सोपं गेलं असतं. मी फोन मांडीवर धरून तशीच बसून राहिले. कान तापले होते.

"कोन येनार हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्याबरोबर काम करतो तो. उद्यापासून कापणीपर्यंत इथंच असेल."

"मंग पीठ जास्त मळाया लागंल. किती भाकरी खातो?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तीन वर्षं आम्ही एकाच खोलीत डबा खात होतो.